रिकाम्या भांड्यांचा सराव

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे असतील तर ते वैद्य सरांचे. हे मी आधीच लिहून ठेवतो. पुढचं वाचून कुणी मला कृतघ्न म्हणायच्या आत.

आणि त्या संध्याकाळी, हायस्कुलाच्या व्हरांड्यात, माझ्या जर्मनच्या थाळीत हातभर वरून पुरी पडली. ती टाकणारा हात वैद्य सरांचाच होता.

पुरी थाळीच्या काठावर आपटली आणि फरशीवर पडली. सर थांबले. वाकले नाहीत. आत गेले आणि दुसरी पुरी घेऊन आले. तीही वरूनच सोडली.

आत माझ्याच तुकडीची पोरं जेवत होती. काट्याचमच्यांचा आवाज बाहेर येत होता.

वैद्य सर वाईचे. आष्ट्याच्या बाजूला आमचं गाव, तिथल्या हायस्कुलात ते इंग्रजी शिकवायला आले. आमच्या वस्तीतून आठवीच्या पुढं गेलेला मी पहिला. सरांनी मला हेरलं. शाळा सुटल्यावर त्यांच्या बिऱ्हाडी बोलवून इंग्रजी शिकवलं. ते आत झोपाळ्यावर बसत, मी दाराबाहेरच्या पायरीवर. पाऊस असला की मी छत्री धरून बसायचो. पुस्तक भिजू नये म्हणून. त्यांनी कधी माझ्याकडून पैसा घेतला नाही, कधी वाकडा शब्द बोलले नाहीत. ‘बाळ’ म्हणायचे. मला ‘बाळ’ म्हणणारा गावात दुसरा माणूस नव्हता.

आम्ही बौद्ध होऊन काही वर्षं झाली होती. घरातले देव नदीत सोडले होते. मेलेली ढोरं ओढायचं बंद केलं होतं. पण गावाच्या कानावर ते अजून गेलं नव्हतं.

चीनची लढाई होऊन गेली आणि शाळाशाळांतून कवायत सुरू झाली. आमच्याकडेही कॅडेटांची तुकडी निघाली. वैद्य सर तुकडीचे साहेब झाले. खाकी ड्रेस आला, बूट आले. माझ्या वाट्याचे बूट मोठे होते. पुढं चिंध्या कोंबून मी ते घालायचो. पण कवायतीत मला तोड नव्हती. सर सगळ्यांसमोर म्हणायचे, “पाय टाकावा तर ह्याच्यासारखा.”

माझा आज्जा पहिल्या महायुद्धात पलटणीत होता. समुद्रापलीकडं जाऊन आला. परत आल्यावर पुन्हा येसकराची काठी हातात घेतली आणि दारोदार भाकरी मागत फिरला. त्याचा पलटणीतला पट्टा आमच्या घरात खुंटीला होता. बाकी काही उरलं नव्हतं. तो पट्टा बघत मी मोठा झालो. मला साधा शिपाई व्हायचं नव्हतं. मला साहेब व्हायचं होतं.

अकरावीत असताना सरांनी एक दिवस बातमी आणली. पुण्यापलीकडं लष्करी प्रबोधिनी आहे. तिथं फौजेचे अधिकारी तयार होतात. आपल्या तुकडीतल्या निवडक मुलांना ती बघायला बोलावलं आहे. एक रात्र मुक्काम. तिथल्या मुलांबरोबर पहाटेची कवायत, तिथल्या बराकीत झोपायचं, त्यांच्या भोजनगृहात जेवायचं.

सरांनी निवड वाचून दाखवली. पहिलं नाव माझं होतं.

त्या दिवसापासून आमच्या घरात लग्नघरासारखी गडबड. आईनं सगळ्यांत धड वाकळ काढली, फाटलेल्या जागी नवी ठिगळं लावली आणि नदीवर नेऊन धुऊन आणली. आबा, म्हणजे माझे वडील, चिंच आणि राख घेऊन माझ्या पट्ट्याचं पितळी बक्कल घासत बसायचे. घासून घासून त्यांनी त्याचं सोनं केलं.

“आज्जा तुझा तंबूत निजला,” आबा म्हणाले. “तू पक्क्या इमारतीत निजशील. सायबांच्या.”

आई वाकळ गुंडाळत होती. तिनं विचारलं, “जेवान कुटं रं?”

“तिथंच. सगळ्यांच्या बरोबर.”

“एका पंगतीला?”

“टेबलावर. खुर्चीत बसून.”

आई वाकळेभोवती दोर आवळू लागली. मग म्हणाली, “मग नखं काढ. आन् हात चांगलं धू.”

तिथं काट्याचमच्यानं जेवतात, हे सरांना कुठूनतरी कळलं होतं. आपली पोरं तिथं हसं करून घेतील, या काळजीनं त्यांना झोप येईना. त्यांनी ठरवलं, जेवायचाही सराव करायचा. जसा कवायतीचा, तसाच.

तुकडीत प्रताप नावाचा मुलगा होता. गावातल्या मोठ्या बागायतदाराचा. उसाचं रान नदीपर्यंत पसरलेलं. त्याचा एक चुलता फौजेत कॅप्टन. त्यांच्या घरून काटेचमचे आले, काचेची ताटं आली. पुण्याला जायला ट्रकही त्यांचाच मिळणार होता. प्रयोगशाळेतलं लांब टेबल वर्गात आणून त्यावर पांढरी चादर घातली. खुर्च्या गोळा केल्या. मास्तरांच्या, ऑफिसातल्या, सगळ्या. त्या अकरा भरल्या. आम्ही होतो बारा.

सर म्हणाले, “ठीक आहे. तिथं वाढपी असतो. आपल्यालाही एक वाढपी लागेलच.”

सगळे खाली बघत होते. सरांनी माझ्याकडे बघितलं.

“बाळ, तू हो. तुला पटकन जमेल.”

मला राग आला नाही. खरं सांगतो, मला तो मान वाटला. सरांनी मला शिकवलं की वाढायचं डाव्या बाजूनं, रिकामं ताट उचलायचं उजव्या बाजूनं. पाठ ताठ. नजर समोर. मी ते कवायतीसारखं पाठ केलं.

ताटात काही नव्हतं. पातेलीही रिकामी होती. मी रिकाम्या पातेल्यातला पळा रिकाम्या ताटात उपडा करायचो आणि पुढच्या खुर्चीकडं जायचो. पोरं काट्यानं हवा टोचून तोंडात घालायची.

“आरं, मला तांबडा रस्सा वाढ. पांढरा नगं,” प्रताप म्हणायचा.

“तांबडा संपला. आदी सांगायचं हुतं,” मी म्हणायचो.

“संपला? मग ह्या संपतच्या ताटातला काढ की. मगाधरनं तेच चरतंय.”

संपत म्हणजे प्रतापचा दोस्त, त्याच्याच भावकीतला. तो म्हणायचा, “सर, ह्याला तितंच ठिवून येऊ. सायेब लोक खूश हुत्याल.”

सगळे हसायचे. सरही हसायचे. मीही हसायचो. तीन संध्याकाळ हा खेळ चालला. माझा हात त्यांच्या ताटावरून जात होता, माझी बाही त्यांच्या खांद्याला लागत होती आणि कुणी अंग चोरत नव्हतं. मला वाटलं, काहीतरी बदललं. मला वाटलं, खाकी घातली की असं होतं.

तसं काही नव्हतं. रिकाम्या भांड्याला विटाळ नसतो, एवढंच.

चौथ्या संध्याकाळी खरं जेवण होतं. प्रतापच्या घरून आलं. पुऱ्या, बटाट्याची भाजी, भात, आमटी, साजूक तुपातला शिरा. डबे घेऊन त्यांचा घरगडी आला. मी नेहमीच्या जागी उभा होतो. हातात तेच रिकामं पातेलं. आता ते भरायचं, एवढ्याच विचारात.

गडी दारातच थांबला. म्हणाला, “सर, वैनीसायबांनी निरोप दिलाय. डब्याला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्याचा न्हाई.”

“दुसऱ्या कुणाचा म्हणजे?” सरांनी विचारलं.

गड्यानं माझ्याकडं बघितलं. मग जमिनीकडं. “सरांस्नी ठावं हाय, म्हनल्या.”

सरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. मग माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “बाळ, तू जरा व्हरांड्यात थांब. तुझं मी बाहेर आणून देतो.”

मी पातेलं खाली ठेवलं आणि बाहेर गेलो. माझी जर्मनची थाळी बाहेरच होती. मुक्कामाला नेण्यासाठी आईनं घासून दिलेली.

संपत वाढायला उठला. खिडकीतून मला दिसत होतं. तो भलत्याच बाजूनं वाढत होता. पोरांच्या अंगावर वाकत होता, आमटी सांडत होता. सर त्याला काही बोलले नाहीत. मग ते माझं जेवण घेऊन बाहेर आले. तेव्हा ती पुरी पडली. मग दुसरी. मग भाजी, तीही वरून. शिंतोडे माझ्या खाकी बाहीवर उडाले.

सर आत गेले.

मी फरशीवर पडलेल्या पुरीकडं बघत राहिलो. तिच्याकडं एक मुंगी चालली होती. आत प्रताप म्हणत होता, “सर, ही पुरी काट्यानं तुटंना झालीया. हातानं खाल्ली तर चालंल का?” आणि सर म्हणत होते, “नाही. तिथं चालणार नाही.”

तिथं चालणार नाही.

मी थाळी उचलली आणि आत गेलो. संपतची खुर्ची रिकामी होती. त्याचं ताट मी बाजूला सरकवलं नाही. त्याला हातही लावला नाही. त्याच्या शेजारी माझी थाळी ठेवली आणि खुर्चीवर बसलो.

सगळ्यांचे हात ताटावरून उचलले गेले.

“उठ बाळ,” सर म्हणाले. “वेड्यासारखं करू नकोस.”

“सर, परवा तिथं मी कुठं बसायचं?”

प्रताप बोलला. तो चिडलेलाही नव्हता. एखाद्याला रस्ता सांगावा तसा म्हणाला, “तितलं तितं. हितं गाव हाय.”

आणि तो उठला. मग त्याच्या शेजारचा उठला. मग एकेक करून सगळे. धनगराचा बाबू माझ्या समोर बसला होता. तो अर्धा उठला, परत बसला. त्यानं प्रतापकडं बघितलं. मग तोही उठला आणि सगळे बाहेर गेले. बाबूचं उठणं मला सगळ्यांत जास्त लागलं. अजून लागतं.

टेबलावर भरलेली ताटं होती आणि मी एकटा होतो. समोर काटा होता, सुरी होती. घेतली. माझ्या थाळीतली पुरी काट्यानं धरली, सुरीनं कापली आणि खाल्ली. पाठ ताठ. नजर समोर. भूक मेली होती. तरी पुरी संपवली. चूक एकही केली नाही. बघायला सर होते फक्त. ते भिंतीकडं बघत होते.

घरगड्यानं सगळी ताटं पाटीत उपडी केली. ते अन्न म्हशीला घालायला नेलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी बिऱ्हाडी बोलावलं. मी पायरीपाशी गेलो. या वेळी बसलो नाही.

“ट्रक त्यांचा आहे,” सर म्हणाले. “शाळेच्या कमिटीवर तेच आहेत. उद्या तुकडी बंद करतील. मग तुझ्या मागून येणाऱ्यांचं काय? तू हुशार आहेस. तुला कळतं. प्रतापच्या वडिलांकडे जा आणि चुकलं म्हण. तेवढंच. तुला मी घेऊन जातो, हा माझा शब्द.”

“काय चुकलं म्हणू?”

“काहीही म्हण. माणूस काहीही म्हणू शकतो.” त्यांचा आवाज रडवेला झाला होता. “बाळ, तिथं तुला कुणी काही विचारणार नाही. त्या एका दिवसासाठी एवढं गिळता येत नाही तुला?”

“नाही सर.”

त्यांना मी आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हणालो. झोपाळ्याची कडी करकरत राहिली. मी घरी आलो.

घरी काही सांगितलं नव्हतं. जायच्या दिवशी आबा लवकर उठले. वळकटी खांद्यावर घेऊन दारात उभे राहिले. मला शाळेपर्यंत पोचवायला.

“मी जाणार न्हाई,” मी म्हणालो.

आबांनी का म्हणून विचारलं नाही. हे मला फार दिवस कळलं नाही. आता कळतं. त्यांना कारण विचारायची गरज नव्हती. त्यांनी वळकटी कोपऱ्यात नेऊन ठेवली आणि बिडी पेटवली. थोड्या वेळानं ट्रक सडकेवरून गेला. पोरं आरोळ्या देत होती. आई चुलीपुढं बसली होती. तिनं वर बघितलं नाही.

ती वळकटी तशीच बांधलेली राहिली. कुणी तिला हात लावला नाही. थंडी पडली, धाकटा भाऊ कुडकुडायला लागला, तेव्हा आईनं दोर सोडला.

पोरं परत आली. संपत मला विहिरीच्या वाटेवर भेटला. तो वाईट मुलगा नव्हता. सांगायला उतावीळ झाला होता.

“लय भारी गड्या. ह्ये मोठं मैदान. घोडी काय, बंदुका काय. आन् जेवायला टेबल तर ह्या वड्यापासनं त्या वड्यापतुर.”

“वाढत कोण हुतं?”

“पांढरा डगला घातल्याला मानूस.”

“कोण हुता?”

“कोण म्हंजी? वाढपी.”

“जातीचा कोण?”

संपत थांबला. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि त्याच्या तोंडावरचं हसू गेलं. “कुनी इचारलं न्हाई,” तो म्हणाला.

“प्रताप जेवला?”

“दोनदा मागून घेतलं.”

त्या वाटेवर उभा असताना मला जे कळलं ते पुढं कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. विटाळ माझ्या हातात नव्हताच. असता तर परक्याच्या हाताचा त्यांनी तपास केला असता. त्यांना फक्त मी ठाऊक होतो. माझं घर कुठल्या बाजूला आहे, ते ठाऊक होतं. या गावात मी कितीही ताठ चाललो, कितीही शुद्ध बोललो, तरी त्यांना मी ठाऊकच राहणार होतो. धर्म बदलला तरी. ड्रेस बदलला तरी.

पुढचं लवकर सांगतो. सरांनी माझ्यावर राग धरला नाही. मॅट्रिकला मी चांगला पास झालो. त्यांनीच अर्ज लिहिले, साताऱ्याच्या वसतिगृहात जागा मिळवून दिली, स्वतःचा जुना कोट दिला. कॉलेजची चार वर्षं मी त्यांना पत्रं पाठवत होतो. प्रत्येक पत्राची सुरुवात ‘शिरसाष्टांग नमस्कार’ अशी करत होतो. त्या संध्याकाळविषयी त्यांनी कधी लिहिलं नाही, मीही नाही. प्रबोधिनीचं वय निघून गेलं. आज्जाचा पट्टा अजून खुंटीलाच आहे.

बी. ए. झालो. साताऱ्यातच एका शाळेत शिकवायला लागलो. गावी जातो तेव्हा दिसतं ते तेच. धाकटा भाऊ आता त्याच हायस्कुलात आहे. पाणी प्यायला ओंजळ पुढं करून उभा राहतो आणि दुसरा कुणीतरी वरून ओततो. मी त्याला विचारलं, “काय वाटतं?” तो म्हणाला, “काय वाटायचंय?” त्याला खरंच काही वाटत नव्हतं. त्या उत्तराची मला भीती वाटली.

गेल्या महिन्यात सरांचं पत्र आलं. आमच्या वस्तीतला पहिला पदवीधर म्हणून शाळा माझा सत्कार करणार आहे. अध्यक्ष प्रतापचे वडील. नंतर सगळ्या गावाला जेवण. जुनं मनात ठेवू नकोस, असं सरांनी लिहिलं होतं. आणि शेवटी एक ओळ. ती त्यांनी प्रेमानंच लिहिली होती, मला शंका नाही. “तुझी जेवणाची सोय मी स्वतंत्र ऑफिसच्या खोलीत केली आहे, टेबल-खुर्चीवर, म्हणजे तुला संकोच वाटणार नाही.”

ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. इतक्या वर्षांत व्हरांड्यातून मी ऑफिसच्या खोलीत आलो होतो.

मी उत्तर पाठवलं. त्याला उत्तर आलं नाही. सत्काराचं नावही पुन्हा कुणी काढलं नाही. पत्र असं होतं:

वैद्य सरांस,

सविनय जयभीम.

आपलं पत्र मिळालं. मला आपण शिकवलं, आपण पुढं पाठवलं. हे ऋण फिटणारं नाही आणि ते मी कधी नाकारणार नाही. म्हणूनच हे आपल्याला स्पष्ट लिहितो, दुसऱ्या कुणाला लिहिलं नसतं.

माझी स्वतंत्र सोय करू नये. टेबल नको, खुर्ची नको.

मी येईन. आपण मला वाढपी केलं होतं. ते काम अर्धं राहिलं आहे. त्या दिवशी गावच्या पंगतीत मी वाढायला उभा राहीन. या वेळी भांडी भरलेली असतील. पहिलं पान अध्यक्षांचं, दुसरं आपलं. आपण शिकवलंत तसं डाव्या बाजूनं वाढीन. ज्यांना उठायचं असेल त्यांनी उठावं. सगळे उठले तरी मी थांबणार नाही. शेवटच्या पानापर्यंत वाढत जाईन. माझ्या मागं माझा धाकटा भाऊ पाण्याचं भांडं घेऊन चालेल. मग हार न घेता आम्ही दोघं एस.टी.नं साताऱ्याला निघून येऊ. त्याला मी इकडच्या शाळेत घालणार आहे.

हे मान्य नसेल तर सत्कार करू नये.

यापुढं मी कुणाच्या व्हरांड्यात जेवणार नाही, सर. आपल्याही नाही.

आपला विद्यार्थी